फ्यूज का जातो

धाकटा भाऊ फौजेतून पेन्शनीवर आला, साताऱ्याच्या कडेला त्यानं घर बांधलं आणि अण्णा माझ्या दोन खोल्यांतून उठून त्याच्याकडे राहायला गेले. इतकी वर्षं बाप मी सांभाळला आणि हा आयत्या वेळी येऊन घेऊन गेला. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? कामाशिवाय त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

वर त्यानं अँप्लिफायर आणला. दोन स्पीकर हॉलमध्ये, दोन ओसरीवर. अण्णांना ऐकू कमी येतं, त्यामुळं भजनं लावली की आवाज पार शेवटापर्यंत. येणारे-जाणारे म्हणायचे, पोरानं बापाची हौस केली. माझ्याकडे असताना अण्णा छोटा रेडिओ कानाला लावून बसायचे. तो रेडिओही मीच आणलेला, पण त्याचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आठवड्यातच धाकट्याचा फोन आला. "दादा, मशीन बंद पडलंय. ये की जरा."

एमआयडीसीत जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं माझं काम, म्हणून ही आठवण. गेलो. फ्यूजच्या काचेच्या नळीतली तार वितळून काच आतून काळी पडली होती. मशीन फिरवून मागं बघितलं, तर ओसरीवरच्या स्पीकरच्या वायरी हॉलच्या वायरींनाच पिळून जोडलेल्या. असे दोन-दोन स्पीकर एका जागी जोडले की मशीनवर दुप्पट ओढ बसते. हळू आवाजात चालून जातं, आवाज चढवला की फ्यूज जातो. आपण जळून बाकीचं वाचवायचं, एवढंच त्याचं काम.

ओसरीवरचे दोन काढ, एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण मी म्हणालो, "लाइट कमी-जास्त झाली असंल." नवा फ्यूज घातला, अण्णांजवळ बसून चहा प्यालो आणि निघालो. जाऊ दे की याचा फ्यूज, मला काय. रस्ताभर मला बरं वाटत होतं.

मग दर आठ-दहा दिवसांनी हेच. फ्यूज, फोन, चहा. धाकट्याचं तोंड उतरलेलं बघायला मला आवडायचं.

एकदा एसटी स्टँडवर गावाकडचा एकजण भेटला. म्हणाला, "अण्णा आता लय सुखात हायती धाकट्याकडं." आता म्हणजे काय? माझ्याकडे काय उपाशी होते? डोक्यात तिडीक गेली. नेमका त्याच संध्याकाळी फोन आला. "मला येळ न्हाई," मी म्हणालो. "तुझं तू बघ."

त्यानं बघितलं. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटरीच्या फ्यूजला जी गत करतात, तीच केली. तांब्याच्या तारेचे पदर जळक्या फ्यूजवर गुंडाळले आणि भजन लावलं. तार काही जळेना, मग मशीनच आतून जळालं. अण्णा शेजारीच खुर्चीवर बसले होते. धूर नाकातोंडात जाऊन खोकत बाहेर आले.

सकाळी गेलो. हॉलभर जळक्या वार्निशचा वास, माझ्या रोजच्या कामाचा. अण्णा बरे होते. धाकटा खाली मान घालून म्हणाला, "माझीच चूक, दादा. तार गुंडाळाय नको हुती."

मला ते ऐकवेना. "तुझी न्हाई," मी म्हणालो. "जोडणी चुकलीया, मला पहिल्या दिवशीच दिसलं हुतं. मुद्दाम सांगितलं न्हाई."



"काय म्हणतोय त्यो?" अण्णांनी विचारलं.

धाकटा त्यांच्या कानाशी वाकला. "दादा म्हणतोय, मशीन आता दुरुस्त व्हायचं न्हाई."

"मशीनचं मरू दे," अण्णा म्हणाले. "फ्यूज गेला की ह्यो यायचा. आता कशाला यील?"