कुणाचा रं तू?

केशवचे किस्से सांगायला बसलं की चहा दुसऱ्यांदा सांगावाच लागतो. मुद्दाम कुणी ते जमवलेले नाहीत. माणूस रोज कॅमेरा घेऊन दुसऱ्यांच्या भांडणात उभा राहिला की ते आपोआप साठत जातात! लोक ऐकताना पोट धरून हसतात. पण प्रत्यक्षात त्या प्रत्येक किश्श्यात आमची पाचावर धारण बसलेली होती, हे कुणाला खरं वाटत नाही.

तर हा केशव थापा. मूळचा नेपाळचा. लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला म्हणून आला, आणि आज इंदापूर-बारामती पट्ट्यात 'वेशीवरून' नावाचं त्याचं बातम्यांचं चॅनेल मोबाइलवर घरोघर दिसतं. मी लग्नाचे फोटो काढणारा. त्याने स्वस्तात व्हिडिओ काढायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि पुढच्या सीझनला त्याच्याकडेच बातम्यांचं मराठी तपासायला जाऊन बसलो. पोट आहे!

*

त्याची पहिली बातमी म्हणजे उसाची उलटलेली ट्रॉली. हा कंपनीतून सुटून घरी चाललेला. रस्ताभर ऊस, दोन्हीकडे गाड्यांची रांग, आणि ट्रॅक्टरवाला आणि एक कारवाला एकमेकांची गचांडी धरून उभे. याने मोबाइल काढला आणि मोडक्यातोडक्या मराठीत लाइव्ह सुरू केलं. कुठला रस्ता बंद, कुठनं वळून जायचं, सगळं सांगत होता.

ट्रॅक्टरवाल्याचं लक्ष गेलं. भांडण जागेवर सोडून तो याच्याकडे आला. मागोमाग कारवाला. मग तीस-चाळीस माणसं भोवती.

"ए बहादूर, कुणाचा रं तू? कुणी पाठवलं तुला?"

"बहादूर न्हाय, केशव," हा म्हणाला. नाव दुरुस्त करायचं मात्र त्याने सोडलं नाही. "आनि मी कुणाचाच न्हाय."

"हितं भावकी न्हाय तुझी?"

"न्हाय."

"पावनं-रावळं? पार्टी?"

"कायबी न्हाय."

ट्रॅक्टरवाल्याने कारवाल्याकडे बघितलं. कारवाल्याने मान डोलावली.

"मंग ह्योच खरं सांगंल. ए, चालू कर रं तुझा मोबाइल! चूक कुणाची ते ह्याला सांगू!"

*

चॅनेल चालायला लागलं, पण ऑफिसला जागा कुणी देईना. 'परका माणूस' एवढंच कारण. शेवटी बारामती रस्त्याला राहणाऱ्या तात्यांनी घरापुढची, रस्त्याकडची खोली दिली. तात्या म्हणजे ऊस लावणारे, कमी बोलणारे, आणि बोलले की समोरच्याला गप्प करणारे. थोरला मुलगा दत्ता शेती बघतो, धाकटा संतोष कॅनडात नोकरीला.

दत्ताला ही गोष्ट अजिबात पटली नव्हती. "कुठला कोण, त्येला खोली कशापायी?"

तात्या म्हणाले, "आपला संत्या तिकडं कुणाच्या खोलीत राहतुय? तिथल्या म्हाताऱ्याला तुझ्यासारखं पोरगं असतं, तर संत्या कवाच माघारी आला असता."

त्या एका खोलीत केशवचे दोन कॉम्प्युटर, एक पडदा आणि एक कॉट आली. त्याचं दुकानही तेच आणि घरही तेच.

*

मोरगावकडच्या एका माळावर बैलगाडा शर्यत होती. शेवटच्या फेरीला दोन गाड्या जोडीने आल्या. पुढे कुणाची, ते पंचांनाही कळलं नाही. आणि निशाणापाशी कॅमेरा फक्त आमचा!

दोन गावं आमच्यावर चालून आली. एका हाताने मी कॅमेरा धरला होता, दुसऱ्या हाताने केशवला. सगळ्यात पुढे पांढऱ्या शर्टातले एक अण्णा. "दाखव व्हिडिओ! न्हाय दाखवलास तर हितंच गाडीन!"

केशवने व्हिडिओ लावला. गाड्या आल्या, धुरळा आला, निशाण आलं... आणि नेमक्या त्या क्षणी पुढे बसलेला कुणीतरी उठून उभा राहिला. स्क्रीनभर एक पाठ! पाठीवर गुलालाचा पंजा उमटलेला.

"कुनाची हाय ही पाठ?" अण्णा गरजले. "फुडं आना त्येला!"

मागच्या माणसांनी अण्णांच्या पाठीकडे बघितलं. मग त्यांच्या शेजारच्यांनी. अण्णांनी मान वळवून स्वतःच्या खांद्यावरून खाली बघायचा प्रयत्न केला.

"असं करा," ते हळूच म्हणाले, "दोघांचाबी एक नंबर लावा."

*

पण खरी टरकली ती टँकरच्या बातमीनंतर. कुणीतरी ओढ्यात घाण पाण्याचे टँकर रिकामे करत होतं, ते केशवने दाखवलं. दुसऱ्या दिवशी खोलीसमोर टँकरवाल्यांच्या दोन जीप थांबल्या. आम्ही आत लाइव्हची तयारी करत होतो. दारात तात्या तंबाखू मळत बसलेले.

"तात्या, त्येला भाईर काढा. उद्याच्याला ह्यो गावात दिसला न्हाय पायजे."

"खोली कुनाची?" तात्यांनी विचारलं.

"तुमची."

"मंग ह्यो कवा जानार ते तुमी ठरवनार व्हय?"

आवाज वाढले. दोघं तात्यांना ओलांडून आत घुसले. मी कॉटला टेकलो. केशव कॅमेऱ्यामागे पुतळ्यासारखा. पुढच्याने हात उगारला, आणि केशवच्या तोंडातून कसंबसं एकच वाक्य निघालं.

"साहेब, लाइव्ह चालू हाय."

उगारलेला हात तसाच वर राहिला. मग दुसरा हात त्याला येऊन मिळाला, आणि गडी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "नमस्कार मंडळी! समद्यांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!"

*

तात्या गेले तेव्हा केशव घरच्या माणसासारखा रडला. पण चौथ्या दिवशी दत्ता खोलीच्या दारात आला. "दहावा झाला की खोली मोकळी कर. मला दुकान काढायचंय." दत्ताची आई, म्हणजे आमच्या काकी, आतून ऐकत होत्या. केशवने गुपचूप खोकी बांधायला घेतली. दुसरी जागा मिळणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. चॅनेल संपलं, की तो परत कंपनीच्या गेटवर.

दहावा नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावर. संतोषला येता आलं नाही. तो फोनवर केशवला म्हणाला, "मला सगळं दाखव. नदी दाखव, घाट दाखव." म्हणून केशवने नवा ड्रोन आणला आणि घाटावर उडवला. लग्नाकार्यात त्याची घरघर ऐकून लोकांचे कान मेले आहेत, कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

पिंड ठेवला. सगळे मागे सरकले. समोरच्या झाडावर कावळे बसलेले. एक उडाला, अर्ध्यातून वळला, परत झाडावर. दुसऱ्याचं तेच.

"तात्यांचं काहीतरी राहिलंय," गुरुजी म्हणाले.

दत्ता पुढे झाला. "तात्या, आईला सांभाळतो." कावळा येईना. "म्हसरं इकत न्हाय." येईना. फोनच्या स्पीकरवरून संतोषचा रडवेला आवाज आला, "तात्या, मी सुट्टीत येतो, आईला भेटून जातो." कावळे जागचे हलेनात. ऊन चढलं. भावकी आपसात कुजबुजायला लागली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, आणि काकींनी त्यांना हाताने थांबवलं.

"दत्ता, काय राहिलंय ते तुला म्हाईत हाय."

सगळा घाट दत्ताकडे बघत होता. दत्ता वाळूकडे.

"तात्या," दत्ताचा आवाज फुटला, "खोली केशवकडंच ऱ्हाईल. माझा शबूद हाय."

केशवच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्याला समोरचं दिसेना. त्याने कसाबसा ड्रोन खाली उतरवला आणि बंद केला. घाटावर शांतता पसरली.

कावळा सरळ आला आणि पिंडाला शिवला.

काकी मोठ्याने रडल्या. दत्ताने येऊन केशवला मिठी मारली. भावकीतले म्हातारे एकमेकांना सांगत होते, "बघा, जीव कशात अडाकला हुता!" गुरुजींनी हात जोडले. मी ड्रोनकडे बघितलं. मग झाडाकडे बघितलं. मग परत ड्रोनकडे.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच होतो. ड्रोनची बॅग त्याने छातीशी घट्ट धरलेली. निमगावपर्यंत मी कळ काढली.

"केशव," मी म्हणालो, "ते यंत्र तू खाली आणलंस, आणि मग..."

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरब होती.

"दादा," तो म्हणाला, "तुमी कुणाचे?"