वहीत चढलेलं घराचं वय

आमच्या गल्लीत शुक्रवारी खोटं बोलू नये. त्या दिवशी घरोघरचे कापडाचे लूम बंद असतात आणि भिंतीपलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

तेव्हा रस्ता रुंद होणार अशी आवई उठली होती, आणि नेमका एका शुक्रवारी एक माणूस वही घेऊन आला. म्हणे गल्लीचा इतिहास लिहितोय. डोंबलाचा इतिहास! त्याची नजर सारखी ओट्यांवर होती. हा मोजणीचाच माणूस, माझी खात्री पटली.

जुन्या घराला हात लावत नाहीत, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेजारचे चाचा त्याला म्हणाले, "हमारा घर साठ साल पुराना है." बाबांनी ते भिंतीतून ऐकलं आणि तो आमच्याकडे येताच ऐंशी सांगितले. चाचांनीही ते ऐकलं असणार, कारण त्याला परत बोलावून त्यांनी शंभर केले. आमच्या घराच्या विटांवर तर लहानपणी मी स्वतः पाणी मारलं होतं. पण ऐंशीला मीही मान डोलावली.

रस्ता काही रुंद झाला नाही. माणूसही खरा निघाला. गल्लीच्या इतिहासाची त्याची पुस्तिका आमच्या घराच्या ऐंशी वर्षांसकट छापून आली, बाबा ती पाहुण्यांना दाखवायचे.

वर्षभराने दारावर पालिकेची नोटीस लागली: घर ऐंशी वर्षं जुनं, म्हणून धोकादायक, रिकामं करा.

बाबांनी ती दोनदा वाचली. मग चाचांच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "कुणीतरी चुगली केलीय."