कासमभाईंच्या नजरेखाली

कासमभाईंची आणि माझी पहिली ओळख झडतीने झाली. पिंपरीला आमचा कारखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. मी हजेरीनीस होतो, आणि सुटीचा भोंगा झाला की फाटकावर उभे राहून कामगारांच्या पिशव्या तपासण्याचे कामही माझ्याकडेच होते. कासमभाई खोक्यांच्या विभागात सुतार. आठवडाभर चाळीत राहत, शनिवारी चाकणला घरी जात. त्या शनिवारी त्यांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेले, माणसाच्या उंचीचे काहीतरी होते.

"हे काय आहे?" मी विचारले.

"लाकूड हाय. पण कंपनीचं न्हाई."

"कशावरून?"

त्यांनी शांतपणे गोणपाट सोडले. "तुमची समदी खोकी देवदाराची. ही धामणीच्या झाडाची फांदी हाय. भीमाशंकराकडच्या एका माणसाकडनं आणली. धनुष्य करायचंय. बॉयलरच्या खोलीत आढ्यावर वाळत ठिवली हुती."

"आत आणताना नोंद का केली नाही?"

"आणली तवा तुमचं फाटकच बसलं नव्हतं."

मी त्यांना जाऊ दिले, पण माझा विश्वास बसला नाही. चाळिशीतला सुतार कारखान्यातून सुटल्यावर धनुष्ये करतो, हे मला पटेना. त्याच सुमारास आमच्या कोठीतला सरस कमी भरू लागला होता. लाकूड जोडायला सरस लागतो, धनुष्यावर कातडे चिकटवायलाही लागतो. मी दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि मॅनेजरसाहेबांना तसे लेखी कळवले. साहेबांनी कासमभाईंना बोलावून विचारले आणि चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितले.

आता मला पुरावा हवा होता. चिंचवडच्या आमच्या व्यायामशाळेला धनुष्य हवे आहे, असे निमित्त काढून मी रविवारी चाकणला गेलो. कांद्याच्या बाजारामागे त्यांचे दोन खोल्यांचे घर. कासमभाईंनी मला स्टुलावर बसवले, तेही आपल्यासमोर, उजेडात. मी पाठीमागच्या कपाटाकडे सरकू लागलो की म्हणत, "हितंच बरं दिसतंय."

अंगणात त्यांच्या पत्नी हलीमाबी चुन्याच्या पाण्यातून काढलेले बकऱ्याचे कातडे बोथट पात्याने खरवडत होत्या. चुलीवर डब्यात काहीतरी रटरटत होते. वासावरून मी ओळखले.

"हा सरस कुठून आणला?"

"आणला न्हाई," हलीमाबी म्हणाल्या. "ह्याच कातड्याच्या कातरणी शिजत्यात. बाजारचा सरस ह्यांना चालत न्हाई."

"त्यात काय मिसळलंय कुणाला ठावं," कासमभाई म्हणाले.

मी निघालो तेव्हा ते दारात उभे राहिले. "पिशवी दावा." मी चकित होऊन पिशवी उघडली. त्यांनी आत हात घालून नीट पाहिले आणि म्हणाले, "राग मानू नका. तुमाला बी सवय हाय."

खरे तर त्याच दिवशी माझे समाधान व्हायला हवे होते. झाले नाही. सरस मला दाखवण्यापुरता शिजवला असेल, असे मनात आले. म्हणून मी पुढच्या रविवारी गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. कासमभाई तोवर घरीच बसून होते.

त्या तीन रविवारी मी जे पाहिले, ते माझे शिक्षण ठरले. त्यांनी धामणीच्या पाठीवरचा एकच थर टोकापासून टोकापर्यंत अखंड राखला. पोटाच्या, म्हणजे दोरीकडच्या बाजूने तासत, थोडे थोडे वाकवत, भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघांशी ते वाक ताडून बघत. "डावं अंग हट्टी हाय," असे म्हणून काचेच्या तुकड्याने तेवढेच खरवडत. मग भिजवून मऊ केलेल्या कातड्याच्या दोन पट्ट्या सरस लावून पाठीवर बसवल्या, मुठीपाशी त्यांची टोके जुळवली, वरून सुती पट्टी घट्ट गुंडाळली आणि धनुष्य सावलीत टांगले. पट्टी सोडली तेव्हा कातडे लाकडाचाच भाग झाल्यासारखे दिसत होते. कडा छाटून, घासून त्यांनी त्यावर जवसाचे तेल चोळले.

"कातड्यानं बाण लांब जातो का?" मी विचारले.

"न्हाई. लाकूड फुटाय लागलं तर धरून ठिवतं, एवढंच." थोडा वेळ ते तेल चोळत राहिले. "माज्या बापाच्या हातात धनुष्य फुटलं. कपची डोळ्यात गेली. लाकूड मीच बघितलं हुतं. चांगलं हाय म्हणालो हुतो."

त्यांचा कशावरच विश्वास का नसतो, ते मला तेव्हा कळले.

निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे माझी पिशवी तपासली आणि सहज विचारले, "कोठीतलं पोतं खालनं बघितलं का कुणी?"

सोमवारी मी कोठीवाल्याला पोती उलटायला लावली. थप्पीतल्या तळाच्या पोत्यांना घुशींनी भोके पाडली होती. भिंतीकडेला सरसाचे कुरतडलेले तुकडे पडले होते. मी साहेबांकडे जाऊन माझा संशय खोटा असल्याचे सांगितले, आणि ऐकायचे ते ऐकून घेतले. कासमभाई दुसऱ्या दिवशी कामावर आले. मला फक्त म्हणाले, "घुशी का?"

पुढे मी त्यांच्याकडे धनुष्य करायला शिकलो, आणि आमच्या व्यायामशाळेतले प्रत्येक धनुष्य त्यांच्या हाताखालून गेले. मी केलेले पहिले धनुष्य घेऊन दसऱ्याच्या प्रात्यक्षिकाला उभा राहणार होतो. त्याच सकाळी त्यांनी ते मागून घेतले, कानाशी धरून वाकवले आणि सर्वांसमोर गुडघ्यावर मोडले. मी संतापलो, दोन दिवस बोललो नाही. नंतर त्यांनी तुकडे माझ्यापुढे ठेवले. मुठीच्या वर, लाकडाच्या आत, किडीने पोखरलेली काळी वाट होती. माझा डोळा आज शाबूत आहे तो त्या अविश्वासामुळे.

एक गोष्ट मात्र मी इतकी वर्षे त्यांच्यापासून लपवली होती. त्यांना घरी बसवणारी ती चिठ्ठी माझी होती. हा लेख छापून येण्याआधी ती त्यांना सांगावी, म्हणून मी गेल्या आठवड्यात चाकणला गेलो आणि सांगितले.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"साहेब बोलले?"

"न्हाई. कागद टेबलावर हुता. मला वाचाय येत न्हाई, पण हजेरीच्या वहीत माजं नाव रोज तुमी लिवायचा. ते कसं दिसतं ते ठावं हुतं. तसंच हुतं कागदावर."

मी विचारले, "मग मला घरात का येऊ दिलंत?"

"असला माणूस डोळ्यापुढं बसलेला बरा," कासमभाई म्हणाले, आणि हलीमाबींना चहा टाकायला सांगितला.

कासमभाईंना साठावे वर्ष लागत आहे. हा लेख ते कुणाकडून तरी वाचून घेतील आणि स्तुतीच्या प्रत्येक वाक्याशी त्याला थांबवतील, याची मला खात्री आहे. त्यांच्या बोटांतली ताकद आणि डोळ्यांतला उजेड असाच टिको, हलीमाबींची सोबत त्यांना दीर्घकाळ लाभो. आणि माझी पिशवी तपासायला ते अजून खूप वर्षे दारात उभे राहोत.