मागं चार इंच

सास्तूरला घर बांधायला घेतलं, तेव्हा मी एक जाड वही केली. खिडक्या किती, किती उंचीवर, नळ कुठं, दिव्याचं बटण दाराच्या कोणत्या बाजूला, सगळं तिच्यात होतं. मी धाराशिवला शाळेत शिकवते. यजमानांची नोकरी पुण्याकडं. त्यामुळं बांधकामाची देखरेख माझ्याकडं, तीही शनिवार-रविवारी एसटीनं जाऊन. बाकीचे पाच दिवस जागेवर दोनच जाणती माणसं: शेजारच्याच जुन्या, भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माझ्या सासूबाई, आणि मिस्त्री.

मिस्त्री जळकोटकडचे, पन्नाशीच्या पुढचे, फार न बोलणारे. हाताखाली चार माणसं. त्यांचं काम बघत बसावं असं होतं. दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटून ते आवाज ऐकत. खणखणीत वाजली ती भिंतीत, बद्द वाजली ती बाजूला. ओळंबा सोडला की तो डोलायचा थांबेपर्यंत स्वतःही थांबत. मी वहीत ‘भिंत क्र. ३, ओळंबा तपासणे’ असं लिहून न्यायची आणि माझी पट्टी लावून बघायची. चूक सापडली नाही, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तपासणं सोडून दिलं.

भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब टाकून झाला आणि वहीत गिलाव्याचं पान आलं. घरात जायचं होतं अक्षय्यतृतीयेला. मिस्त्री म्हणाले, आतला गिलावा बारा दिवस. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं की सोलापूरला आता गिलाव्याचं मशीन भाड्यानं मिळतं, त्यांच्या भावाचं घर दोन दिवसांत झालं. मी पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला मशीन. मशीनच्या बाजूला बऱ्याच गोष्टी लिहिल्या गेल्या. मिस्त्रींच्या बाजूला ‘काम उत्तम’ एवढंच आणि खाली बरीच कोरी जागा.

मशीनवाल्याला जागा बघायला बोलावलं. शनिवारी तो आला. तिशीतला, चटपटीत. त्यानं तिवईवर एक डबी ठेवली, बटण दाबलं आणि भिंतीवर हिरवी उजेडाची रेघ उमटली. मिस्त्रींची माणसं काम थांबवून बघायला लागली. गल्लीतले किराणा दुकानदारही आले. त्यांच्या नव्या बांधकामाचा पाया पंधरा दिवसांनी खोदायचा होता आणि काम मिस्त्रींनाच सांगितलेलं होतं.

मशीनवाला खोलीखोलीतून रेघ फिरवत गेला. मग डोकं खाजवत माझ्याकडं आला.

“कमाल आहे मॅडम. ओळंब्याला कुठंही सूतभर फरक नाही. अशा भिंती मी बघितल्या नाहीत. पण उजवी बाहेरची भिंत गुण्यात नाही. काटकोन साधलेला नाही. पुढं रुंदी चोवीस फूट, मागं चोवीस फूट चार इंच.”

त्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग माझ्या कानात शिरलाच नाही.

“चार इंच?” मी मिस्त्रींना हाक मारली. “मिस्त्री, हे काय? तुमच्याकडं गुण्या आहे ना? की नुसता पिशवीत ठेवायला?”

चार माणसं, मशीनवाला, दुकानदार, सगळ्यांच्या देखत. मिस्त्रींनी हातातली थापी पालथी करून तिच्यावरचा माल पुसला.

“चुकलं मॅडम,” एवढंच म्हणाले.

“चार इंच चुकतं का?”

“चुकलं म्हणलो की.”

दुकानदार तोंडातलं पान सांभाळत मशीनवाल्याकडं वळले. “मग आमच्या पायाची आखणी बी तुमीच करा. तुमच्या डबीला तेवढं सांगा.”

मिस्त्रींनी ते ऐकलं. मान वर केली नाही. पण त्यांच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. पुढची दोन महिन्यांची हजेरी त्या पायावर होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव. सास्तूरमध्ये भिंत तिरकी आली ही बातमी लोहाऱ्यापर्यंत पोचायला संध्याकाळ पुरते.

मी घाईत होते. मशीनवाल्याला विचारलं, ही भिंत सरळ करता येईल का. तो म्हणाला, गिलाव्यानं चार इंच भरता येणार नाहीत, पडतील. सरळच पाहिजे तर स्लॅबला टेकू देऊन ही एक बाजू उतरवून पुन्हा बांधावी लागेल.

“उतरवा,” मी म्हणाले आणि वही उघडली.

“कोण उतरवतंय?” दारातून आवाज आला. सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या. “ती भिंत म्या सांगितल्याली हाय.”

“आत्या, तुम्ही?”

“व्हय. घर गायमुखी पायजे. पुढं अरुंद, मागं रुंद. त्येच्या उलट वाघमुखी, ते दुकानाला. त्या दोन खोल्या दिल्या सरकारनं, सगळ्या गावाच्या एकाच साच्यात. कुणी इचारलं व्हतं का मला, तोंड कसं पायजे म्हणून? हे तरी माझ्या मनानं व्हऊ दे म्हणलं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू मास्तरीण. हसली असतीस.” मग मिस्त्रींकडं बघून, “आन् ह्येला शपथ घातली व्हती, सुनंला बोलू नगंस म्हणून. पर तुमी बी, मिस्त्री, शिव्या खात गप बसायचं व्हय?”

“शपथ तुमची व्हती, काकू,” मिस्त्री म्हणाले. “आन् भिंत पाडायचं निघालं नसतं, तर शिव्या परवडल्या असत्या.”

मला हसू आलं नाही. सासूबाईंचं म्हणणं मला पटतं की नाही, हा मुद्दाच नव्हता. वही घेऊन मी प्रत्येक खोलीत फिरले. पट्टी लावली. आता कुठं मला दिसलं, त्यांनी काय केलं होतं ते. डावीकडच्या तिन्ही खोल्या काटकोनात, चोख. चार इंचांचा सगळा फरक उजव्या रांगेत टाकलेला, आणि तोही तीन खोल्यांत वाटून. एका खोलीच्या वाट्याला जेमतेम सव्वा-दीड इंच. त्यातही जिथं फरक डोळ्यांवर आला असता, तिथं जिना आणि कोठीची खोली घेतलेली. मी इतके शनिवार त्या खोल्यांतून फिरले होते आणि मला काही कळलं नव्हतं. ज्या माणसाला सूतभर चुकायचं नव्हतं, त्यानं चार इंच मोजून, मापून, लपवून बांधले होते.

बाहेर आले. सगळे अजून तिथंच होते, ते बरं झालं.

“मिस्त्री, चूक माझी. विचारायच्या आधी बोलले. माफ करा.”

“असू द्या मॅडम,” ते म्हणाले. दुकानदाराकडं त्यांनी एकदा बघून घेतलं.

चहा झाला. मी मशीनवाल्याला नको म्हणणार होते, तर मिस्त्रींनीच अडवलं. “मोठ्या भिंती त्येला द्या. खांदा दुखतो माझा. बारा दिस वर हात करून थापायचं आता व्हत न्हाय. कोपरे, खिडक्यांच्या कडा, देवळी, जिन्याखालचं आमी करतो.”

“आणि तुमची माणसं?”

“दोघांना काम ऱ्हाईल. दोघं बसतील.” ते सरळ म्हणाले.

पुढच्या शनिवारी मशीन आलं. दोन उभ्या दांड्यांमधून खालीवर सरकत ते भिंतीला माल दाबत गेलं आणि मागं गुळगुळीत पट्टा ठेवत गेलं. खरं सांगायचं तर काम सुंदर झालं. पण दांड्या उभ्या करताना मशीनवाला दर वेळी मिस्त्रींना हाक मारायचा, आणि मिस्त्री खिशातला ओळंबा काढायचे. वर छताजवळ आणि खाली फरशीजवळ मशीन पोचत नसे, ते पट्टे हातानं भरले गेले. कुठं मशीन संपलं आणि कुठं हात सुरू झाला, हे मी बोट फिरवून शोधलं. सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिस्त्रींना म्हणाले, “उद्या असं मशीन येईल, त्याला चार इंच सांगितले की ते तेवढेच करेल.”

“करंल की,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा लवकर करंल. पर सांगायचं कुणी? काकू त्येला शपथ कुठं घालणार?”

मी वहीत मिस्त्रींच्या बाजूच्या कोऱ्या जागेत हे लिहायला घेतलं, पण एका ओळीत ते बसेना. मग फरशीचं काम त्यांच्या नावावर लिहिलं आणि पान उलटलं.

त्याच संध्याकाळी दुकानदार परत आले. या वेळी तोंडात पान नव्हतं.

“मिस्त्री, एक अडचण हाय. आमचं पुढं दुकान, मागं घर. दुकान वाघमुखी पायजे, घर गायमुखी. एकाच जागंत जमतंय का?”

मिस्त्रींनी काडीनं जमिनीवर दोन तिरक्या रेघा ओढल्या.

“जमंल. मधी कंबर बारीक करावी लागंल.”

“बाहेरून दिसंल का?”

“वैनींना इचारा,” मिस्त्री म्हणाले, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

आतापर्यंत त्यांच्या तोंडी मी ‘मॅडम’ होते. आखणीच्या दोऱ्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं दुकानदारांच्या, आणि खुणेला मूठभर चुना घेऊन दुकानदारांच्या मोकळ्या जागेकडं चालायला लागले.