गुरुवारचा फोन

उंबरमाळच्या चंदरबाबाला दिवस गेलेत, असं अख्खा पाडा म्हणायचा. तेही एकदा नाही, एकाच वेळी तीनदा. बाजाराच्या वाटेवर पोरं हाक मारायची, "बाबा, कितवा लागला?" बाबा न चिडता, बोटं मोजत उत्तर द्यायचा, "चिमणाबाईच्या सुनेला सहावा, सखुबाईच्या सुनेला पाचवा, कुसाबाईच्या लेकीला दुसरा." एवढं ऐकेपर्यंत विचारणाऱ्याची मजा संपलेली असायची.

हे सगळं माझ्यामुळे झालं, म्हणून मीच सांगते. मी लताबाई, पेठ तालुक्यातल्या पाच पाड्यांची आशा कार्यकर्ती. गरोदर बाईची नोंद करायची, गोळ्या द्यायच्या, बीपी मोजायचं, वेळ आली की दवाखान्यात न्यायचं, हे माझं काम. गेल्या वर्षी एका संस्थेनं आम्हाला एक ॲप दिलं. त्यात बाईचं नाव, पाळीची तारीख आणि मोबाइल नंबर भरला की दर आठवड्याला त्या नंबरवर फोन जाणार, रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजात सल्ला देणार, दोन प्रश्न विचारणार. होय असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन. उत्तर वाईट आलं की माझ्या मोबाइलवर लाल अक्षरात निरोप येणार. कल्पना चांगली होती. मी काही नावं ठेवत नाही.

पण उंबरमाळला नंबर कुणाचा भरायचा? घरात एकच मोबाइल, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीला. फोन तिकडे वाजला तर तिकडच्या बागेला काय सल्ला देणार? पाड्यात रेंजही नाही. रेंज येते ती फक्त टेकाडावर, चंदरबाबाच्या पडवीत. त्याच्या मुलानं, तो अंबडला कंपनीत असतो, त्याला बटनांचा साधा फोन घेऊन दिला होता. बाबानं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खांबाच्या खिळ्याला टांगलेला, कारण रेंज त्या खिळ्यालाच येते. नंबर भरल्याशिवाय ॲपचं पुढचं पान उघडत नाही. मी तिघींपुढे त्याचाच नंबर भरला आणि मोकळी झाले. म्हातारा एकटा आहे, निरोप तेवढा सांगेल, असं वाटलं.

चंदरबाबा एकटाच. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली. तरुणपणी तो बारा वर्षं देवळाली कॅम्पला होता, तोफखान्याच्या एका मेसमध्ये भांडी घासायला. फौजी नव्हता, पण तिथल्या दोन सवयी घेऊन आला. एक म्हणजे रिपोर्ट खोटा द्यायचा नाही. दुसरी हजेरीची. सकाळी नावं पुकारली आणि एखाद्याचा आवाज आला नाही, तर चिडायचं नाही, शिक्षा नंतर, आधी माणूस पाठवून बघायचं, पडलाय की काय. हे तो सगळ्यांना इतक्या वेळा सांगायचा की मला पाठ झालं होतं.

पहिला घोटाळा पहिल्याच महिन्यात झाला. गुरुवारी सकाळी माझ्या मोबाइलवर लाल निरोप आला, 'मोहिनी, उंबरमाळ. बाळाची हालचाल जाणवत नाही. तातडीने भेट द्या.' मोहिनी म्हणजे चिमणाबाईची सून, पहिलटकरीण. मी हातातली भाकरी तव्यावर टाकून निघाले. तासाभराची चढण. जाऊन बघते तर मोहिनी अंगणात वरई पाखडत बसलेली, ठणठणीत.

"पोर हालतंय ना गं?"

"रात्रभर लाथा घालतंय, ताई. का?"

मग मी तशीच टेकाडावर गेले. बाबा शेळ्यांना पाला टाकत होता.

"बाबा, दोन कुणी दाबलं?"

"मीच. बाई इचारती, तुमच्या पोटात बाळाची हालचाल जाणवती का. नाय जाणवत. खोटं कसं सांगू?"

मी कपाळावर हात मारला. इतकी ओरडले की शेळ्या लांब गेल्या. तो फोन तुझ्यासाठी नाही, पोरींसाठी आहे, तू फक्त त्यांना विचारायचं आणि मग बटन दाबायचं, असं मी त्याला तीन वेळा समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मग तसं सांगायचं ना पयल्यांदाच," एवढंच म्हणाला.

त्यानंतर बाबा कामालाच लागला. फोन ठरलेल्या वारी यायचे, कुसाबाईच्या लेकीचा सोमवारी, मोहिनीचा गुरुवारी, सखुबाईच्या सुनेचा शनिवारी. फोन वाजला की धावत जाऊन विचारून येईपर्यंत तो कट व्हायचा, म्हणून बाबा आदल्या दिवशीच उतरून प्रत्येकीच्या दारात जायचा. आत जायचा नाही, ओट्यावरही बसायचा नाही. सासूला हाक मारून विचारायचा, गोळ्या घेतल्या का, बाळ हालतंय का, पाय सुजलेत का, डोकं दुखतं का. आठवडा हा हिशोब बायांना कळत नव्हता, त्या महिने धरायच्या किंवा सण. बाबानं त्याचे बाजार केले. फोनमधली बाई म्हणाली अठ्ठाविसावा आठवडा, की हा खाली जाऊन सांगणार, "मोहिनीचे अठ्ठावीस मंगळवार झाले." मंगळवारचा बाजार कुणाला चुकत नाही, त्यामुळे तेव्हापासून सगळ्यांना बरोबर समजायला लागलं. मी दोन वर्षं चार्ट दाखवून जे जमवलं नव्हतं ते त्यानं एका वाक्यात केलं. मला जरा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

शिवाय तो मला फोन करायचा. गोळ्या काळ्या का असतात? हिरवी भाजी म्हणजे कुर्डू चालेल का? दिवसाला दोन-तीनदा. पाच पाडे, त्यात लसीकरण, त्यात सर्व्हे, आणि वर हा म्हातारा. पुढे पुढे त्याचा नंबर दिसला की मी मोबाइल पालथा ठेवायला लागले.

दिवाळी झाल्यावर आरोग्य केंद्रात आमची मीटिंग होती. संस्थेचा सुपरवायझर टॅब घेऊन आला. माझ्या यादीवर येऊन थांबला.

"लताताई, एकाच नंबरवर तीन माता कशा?"

"तिथे रेंजच एकाच घरात आहे, सर."

"सिस्टिम हे डुप्लिकेट धरते. वरून ओरडा बसतो मला. पहिली नोंद ठेवू, बाकीच्या दोन काढू. त्यांचे स्वतःचे नंबर मिळाले की तुम्ही परत भरा."

पहिली नोंद सखुबाईच्या सुनेची होती. बाकी दोघी म्हणजे कुसाबाईची लेक आणि मोहिनी. टॅबवर विचारलं, नक्की काढायचं का? मी होय दाबलं. माझी शेवटची जीप निघायला पाच मिनिटं होती. दुसऱ्या दिवशी भरू म्हटलं, दुसऱ्या दिवशी सर्व्हे निघाला, आणि मग राहूनच गेलं. चंदरबाबाला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिकडे बाबाचा सोमवार गप्प गेला. गुरुवारही गप्प गेला. त्याला वाटलं, मशीन आहे, असेल बिघडलेलं, आणि त्या आठवड्यात तो तापानं पडून होता, खाली उतरलाच नाही. पण शनिवारी सखुबाईच्या सुनेचा फोन बरोबर वाजला. म्हणजे फोन चालू होता, रेंजही होती. पुढचा सोमवार परत गप्प. तो अंगात कणकण असताना उतरून कुसाबाईच्या घरी गेला. तिची लेक चुलीपाशी बसून चिंचा खात होती, बाबाला हसली. बुधवारी ताप परत चढला, मोहिनीकडे जाणं राहिलं. गुरुवारी तो सकाळपासून खांबापाशी बसला. नेहमीची वेळ टळली, ऊन अंगणात आलं, फोन वाजला नाही. त्यानं मला फोन लावला.

मी नंबर बघितला आणि उचलला नाही. परत लावला. मी तेव्हाही उचलला नाही. हातात लसीचा डबा होता, पण ती सबब झाली. खरं कारण, कंटाळा आला होता त्याचा.

मग बाबा काठी घेऊन खाली चिमणाबाईकडे गेला. हे पुढचं मला मागाहून चिमणाबाईनंच सांगितलं. मोहिनी पडवीत भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. बाबानं अंगणातूनच विचारलं, "पोरी, बरी हाईस ना?"

"डोकं ठणकतंय बाबा. दोन दिस झाले. डोळ्यापुढं मधेच अंधारतं."

"पयलटकरणीला व्हतंच," चिमणाबाई म्हणाली. "पाय सुजले म्हंजे पोरगा व्हतो. तू कशाला रोज बायांच्यात लुडबुडतो रं?"

बाबा दुसऱ्याच्या सुनेच्या पायाला हात लावणार नाही, ते तिकडे चालतच नाही. तो चिमणाबाईला म्हणाला, "तूच दाब. नडगीवर अंगठा दाब आन् सोड. फोनमधली बाई सांगती, खड्डा ऱ्हायला तर वाईट." चिमणाबाईनं पुटपुटत अंगठा दाबला. खड्डा राहिला. दोघं बघत बसले, तो काही भरेना.

"येळ नको करू, चिमणे," बाबा म्हणाला. "हजेरीला आवाज नाय आला म्हणून आलोय मी."

बाबा चढण चढून परत वर खिळ्यापाशी गेला, तापातून उठलेला, बासष्ट वर्षांचा माणूस. १०८ ला फोन केला. मग मला तिसऱ्यांदा लावला. या वेळी मी उचलला, वैतागून, "काय आहे बाबा?" म्हणत. तो धापा टाकत होता. "मोहिनीच्या नडगीत खड्डा पडतोय," एवढंच बोलला.

ती बीपी चढल्याची खूण होती, झटके येण्याआधीची. मला ते माहीत होतं. मी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघाले. पाड्यातल्या बायांनी मोहिनीला धरून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं होतं. तिथेच, झाडाखाली बसवून बीपी मोजलं. एकशे सत्तर, एकशे दहा. परत मोजलं, तेवढंच. गाडी आली. पेठला इंजेक्शन दिलं, तिथून सावळघाट उतरून नाशिकला सिव्हिलला. वाटेत मोहिनी माझा हात धरून विचारत होती, "ताई, पोर वाचंल ना?" मी होय होय म्हणत होते. मला काहीच खात्री नव्हती.

सिव्हिलमध्ये डॉक्टर बाईंनी विचारलं, "आधीचं बीपी किती होतं?" मी ॲप उघडलं. नाव टाकलं. 'नोंद सापडली नाही.' तेव्हा मला जीप आठवली, आणि मी दाबलेलं होय. पिशवीत जुनी वही होती म्हणून आकडे सांगता आले. त्याच दिवशी सिझर झालं. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून काही तास गेले असते तर झटके आले असते, मग आमच्याही हातात फारसं नव्हतं. मुलगी झाली, एक किलो आठशे. बावीस दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि मग दोघी धडधाकट घरी आल्या. चिमणाबाईला पोरगा हवा होता, पण ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

बातमी पसरली. संस्थेपर्यंत गेली ती अशी, की ॲपमुळे आदिवासी मातेचा जीव वाचला. संक्रांतीनंतर सुपरवायझर, कॅमेरावाला आणि एक शहरातली मुलगी अशी गाडी भरून आली. चंदरबाबानं धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. फोन पिशवीतून काढून हातात धर म्हणाले, त्यानं धरला, पण रेंज जाईल म्हणून खांबाला चिकटूनच उभा राहिला. मोहिनी लेकीला घेऊन शेजारी बसली होती. मी मागे उभी.

मुलीनं गोड आवाजात विचारलं, "बाबा, त्या दिवशी फोनवर तुम्हाला काय सूचना आली?"

"कायबी नाय आली," बाबा म्हणाला. "म्हणून तर गेलो."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. सुपरवायझर माझ्याकडे बघायला लागला. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, परत घेऊया. तुम्ही नुसतं म्हणा, फोनवर सूचना आली आणि मी धावत गेलो."

"म्हणाया माझं काय जातंय? पण मग तुमाला वाटंल, फोन चालू हाय. कुसाबाईच्या लेकीचा सोमवारचा फोन अजून बंद हाय. सातवा लागलाय तिला. आधी त्यो चालू करा, मग काय म्हणू ते सांगा."

मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. मी पुढे आले आणि म्हटलं, "फोन बिघडला नव्हता, बाबा. दोघींची नावं मीच काढली. जीप पकडायची होती म्हणून." तीन महिन्यांत पहिल्यांदा हे तोंडातून निघालं. मोहिनीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लेकीचं टोपडं सारखं केलं. बाबाही रागावला नाही. म्हणाला, "मग परत घाला की. त्यात काय!"

व्हिडिओ झाला नाही. नाव परत घालायला गेले तर सिस्टिम घेईना, नंबर आधीच वापरलाय म्हणते. सुपरवायझर म्हणाला, वर कळवतो. अजून कळवतोच आहे.

पण पुढच्या सोमवारी सकाळी चंदरबाबाचा नंबर माझ्या मोबाइलवर दिसला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"लताबाय, कुसाबाईकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "एक का दोन ते मला इचारू नका. पोर लाथा घालतंय. लिहून घ्या."