अर्ध्या श्लोकाचे वैरी

आमच्या आतोबांच्या कानांच्या टापूत अर्धा श्लोक म्हणून कुणी सुखरूप घरी पोचल्याचं उदाहरण काशीच्या इतिहासात नाही, आणि काशीचा इतिहास काही लहान नाही. टापू तरी केवढा! दूधविनायकच्या गल्लीपासून खाली मंगला गौरीपर्यंत, आणि वारा अनुकूल असला तर गंगेपलीकडे वाळूवर धोतरं वाळत घालणाऱ्या धोब्यापर्यंत. अर्धा श्लोक कानावर आला की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. हातात असेल ते खाली ठेवून ते म्हणणाऱ्याचं मनगट धरायचे आणि उरलेला अर्धा, त्याच्या पुढचा एक, शिवाय संदर्भासाठी अलीकडचे दोन, एवढा ऐवज त्याच्या कानात ओतल्याखेरीज ते मनगट सुटायचं नाही. "अर्धा श्लोक म्हणजे अर्धी हजामत रे बाबू," ते म्हणायचे. "माणूस देखणा तर होत नाहीच, वर ओळखूही येत नाही."

ही उपमा त्यांना अनुभवातून सुचली होती. एकदा घाटावर न्हाव्यासमोर बसलेले असताना शेजारच्या वकिलानं 'शास्त्रात म्हटलंच आहे' म्हणून अर्धा श्लोक फेकला आणि तो चालू लागला. आतोबा निम्म्या डोक्यानिशी, गळ्यात पंचा तसाच ठेवून त्याच्या मागे. पुढे वकील, मध्ये आतोबा, शेवटी वस्तरा घेतलेला न्हावी. आमच्या गल्लीत एक सांड होता, कलेक्टरलाही वाट न देणारा. तोही उठून भिंतीला चिकटला. वकील कचेरीच्या पायरीवर सापडला आणि तिथेच त्याला पुढचं सगळं ऐकावं लागलं. त्या दिवसापासून तो कोर्टात नुसता कायदाच सांगू लागला, आणि लोक म्हणतात, तेव्हापासूनच खटले हरू लागला.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्या लवकर गेली, पोरबाळ नव्हतं, आणि दक्षिणा मागायची जीभ देवानं त्यांना दिली नव्हती. तिची सगळी ताकद पाठांतरात खर्च झाली होती. राहायचे ते गल्लीतल्या अन्नछत्राच्या माडीवरच्या खोलीत. कुणा जुन्या मराठी सरदारानं वैदिकांसाठी घालून दिलेलं छत्र ते. खोली छत्राची, जेवण छत्राचं, आणि त्या बदल्यात आतोबांचं काम एकच. पंगतीत पानं वाढून झाली की त्यांनी अन्नाच्या प्रकरणाचं पठण करायचं. ते संपवून आतोबांनी तळहातावर पाणी घेतलं की मग सगळ्यांनी घ्यायचं. तोवर कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, भाताला बोट लावायचं नाही. वरणाची वाफ नाकात शिरत असताना चाळीसेक भुकेली माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली असत आणि आतोबांचा आवाज तुळया हलवत असे. ग्रंथाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर दोन्ही पक्षांची मुलं माझ्या दारात येतील, आणि दोघांच्याही हातात त्याच ग्रंथाचं निम्मंनिम्मं पान असेल.

कारण स्वातंत्र्य मिळालं, निवडणुका सुरू झाल्या, आणि अर्ध्या श्लोकांचं पीक आलं. पूर्वी अर्धा श्लोक म्हणणारा माणूस पायी असे, मनगट हाती लागत असे. आता तो जीपमधून जाऊ लागला आणि त्याला भोंगा लागला. आमच्या वॉर्डात दोन नेते होते. एक टिळेवाले, एक टोपीवाले. दोघंही सभेच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन आतोबांची माडी चढायचे. "गुरुजी, एखादा दमदार श्लोक द्या." आतोबा आनंदानं अख्खं प्रकरण द्यायचे. दुसऱ्या दिवशी चौकातून टिळेवाल्यांचा अर्धा श्लोक यायचा, मैदानातून टोपीवाल्यांचा दुसरा अर्धा, आणि दोघांच्या बरोबर मध्ये आमच्या चबुतऱ्यावर आतोबा डोकं धरून बसायचे. "एकाच बापाची दोन पोरं रे ती," ते कळवळून म्हणायचे, "आणि ह्या लोकांनी त्यांना एकमेकांवर घातलंय!"

अशा एका निवडणुकीच्या तोंडावर भाद्रपदात गंगा चढली. घाट गेले, घाटावरची देवळं गेली, आणि एका सकाळी आमच्या गल्लीच्या खालच्या वळणावर नाव येऊन टेकली. मल्लाहांच्या झोपड्या पहिल्याच रात्री वाहून गेल्या होत्या. ही नावाडी मंडळी बायकापोरांसकट वर आली आणि छत्राच्या पायऱ्यांवर बसली. पुढे होता रामधनी. आतोबांना वर्षानुवर्षं पंचगंगा घाटावर पहाटेच्या स्नानाला सोबत करणारा, "गुरुजी, आज धार तेज बा, उहाँ मत जाइए" म्हणून हाताला धरणारा. त्याच्या मांडीवर नात होती. ती रडत नव्हती. लहान मूल रडायचं थांबलं की जास्त भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

छत्राचे व्यवस्थापक भाऊसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. मल्लाहांना आत घेतलं तर टिळेवाले देणग्या बंद करतील, नाही घेतलं तर टोपीवाले छत्रच सरकारजमा करवतील. त्यांनी घाबरट माणसाला सुचते ती युक्ती काढली. दोन्ही नेत्यांना त्या दिवशीच्या पंगतीला बोलावलं. जेवताना चर्चा करून ठरवू म्हणाले. पुरामुळे माझी बँक बंद होती, म्हणून मी वाढायला गेलो होतो. तुपाची तामली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असताना मी भाऊसाहेबांना आतोबांशी बोलताना ऐकलं.

"गुरुजी, आज अर्थबिर्थ सांगू नका. नेहमीचं म्हणायचं, नेहमीच्या जागी थांबायचं."

"बरं."

"नाही, म्हणजे, उद्याही तुमचं पान मांडायचंय ना आपल्याला?"

मनगट धरणारा आतोबांचा हात पंच्याशी चाळा करत राहिला.

पानं वाढली गेली. टिळेवाले एका टोकाला, टोपीवाले समोर. दरवाजा अर्धा लोटलेला. त्या फटीतून रामधनीचा खांदा आणि नातीचा एक पाय दिसत होता. टिळेवाल्यांनी बसल्या बसल्या सुरुवात केली, "शास्त्र स्पष्ट है भाऊसाहेब, पंगत की मर्यादा..." आणि पंक्तिशुद्धीचा अर्धा श्लोक म्हटला. टोपीवाल्यांनी लगेच, "और यह भी शास्त्र है महाराज!" म्हणून दारातल्या अतिथीचा अर्धा श्लोक परत फेकला. मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. इकडून अर्धा, तिकडून अर्धा. मध्ये भात निवतोय. टिळेवाल्यांचे चार पहिलवान भिंतीशी उभे होते, त्यातल्या एकानं बाह्या वर केल्या. टोपीवाल्यांनी एक फोटोवाला आणला होता, तो दिवा जुळवू लागला. बाहेरून कुणीतरी दरवाजाला धक्का दिला, पहिलवानानं आतून पाय लावला. दाराच्या त्या फटीत पाय होता पोरीचा. मागे ओढून घेतला रामधनीनं. मी तामली खाली ठेवली. आता पहिली पळी कुणाच्या डोक्यात बसते एवढंच पाहायचं राहिलं होतं.

आणि आतोबांनी पठण सुरू केलं.

आवाज असा लागला की कोनाड्यातली समई मिणमिणली. हात मांड्यांवर गेले, तोंडं मिटली. पहिलवानाचा पायसुद्धा जागच्या जागी राहिला. पंगतीत पठण सुरू झालं की हलायचं नाही हे काशीत पहिलवानालाही ठाऊक. पहिला श्लोक झाला आणि भाऊसाहेबांनी डोळे मिटले, कारण आतोबांनी लगेच हिंदीत अर्थ सांगितला. बाहेरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पहिले श्लोक पंगतीच्या नियमांचे. टिळेवाले मान डोलवू लागले, टोपीवाल्यांचा चेहरा उतरला. मग प्रकरणानं वळण घेतलं. दाराशी भुकेला उभा असताना जो आत जेवतो, तो अन्न खात नाही, पाप खातो. टिळेवाल्यांची मान डोलता डोलता मध्येच अडकली. टोपीवाल्यांनी खुशीत फोटोवाल्याला खूण केली. पण आतोबा कुठे थांबतात! पुढचा श्लोक आला. जो चारचौघांनी पाहावं म्हणून वाढतो, त्याचं दान राखेत ओतलेल्या तुपासारखं. फोटोवाल्यानं गुपचूप कॅमेरा मांडीखाली सरकवला.

आता नेहमीची जागा आली. मी जन्मापासून हे प्रकरण ऐकत आलो होतो, ते इथे संपायचं. चाळीस डावे हात पाण्याच्या भांड्याकडे गेले. भाऊसाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. आतोबांचाही हात भांड्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी दाराच्या फटीकडे पाहिलं. मग समोरच्या स्वतःच्या पानाकडे. मीच वाढलं होतं ते. वर तुपाची धार जरा जास्तच धरली होती, आमचेच आतोबा म्हणून.

"गुरुजी," भाऊसाहेब दात आवळून पुटपुटले, "झालं."

"नाही झालं," आतोबा म्हणाले. आणि पुढचा श्लोक म्हटला.

पुढे श्लोक आहे हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आणि आवाज? तुळया हलवणारा तो आवाज शेजारच्या पानापर्यंत जेमतेम पोचत होता. अर्थ त्यांनी मराठीत सांगितला, मान खाली घालून. ज्याला ठाऊक नाही त्याचं पाप थोडं. पण ज्याला हे सगळं पाठ आहे, जो हे रोज म्हणतो, आणि म्हणून झाल्यावर जेवतो, त्याला तोंड लपवायला जागा नाही.

मग त्यांनी तळहातावर पाणी घेतलं, पानाभोवती फिरवलं, आणि प्राशन न करता सोडून दिलं. भरलेलं पान दोन्ही हातांनी उचललं. वरणाचा ओघळ धोतरावर आला. पहिलवानासमोर जाऊन ते नुसते उभे राहिले. त्या धिप्पाड माणसानं आमच्या सांडासारखी वाट दिली. उंबऱ्यात बसून आतोबांनी पान पोरीसमोर ठेवलं.

"रामधनी, हे माझं पान आहे. आज आहे. उद्याचं सांगता येत नाही, तेव्हा आत्ताच खिलाव."

रामधनी हात जोडून म्हणाला, "आउर आप, गुरुजी?"

"मी काय, मी तर रोजच खातो," आतोबा म्हणाले. "आज मला अजीर्ण झालंय."

कुणाला वाटेल की मग सगळी पंगत उठली आणि प्रत्येकानं आपलं पान बाहेर नेलं. तसं लिहायला माझा हात शिवशिवतो, आणि एरवी मी थापा मारायला कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण ह्या गोष्टीत नको. दोन म्हातारे वैदिक उठले. बाकीच्यांनी खाली मान घालून जेवण केलं, आणि त्या दिवशी कुणीही भात पुन्हा मागितला नाही. भाऊसाहेबांनी तोड काढली. पूर उतरेपर्यंत मागच्या दारानं खिचडी. मागच्या दाराला शास्त्र लागत नाही.

संध्याकाळी दोन्ही भोंगे वाजले. टिळेवाले म्हणाले, काशीच्या थोर वैदिकानं आज भर पंगतीत पंक्तीची मर्यादा सांगितली. टोपीवाले म्हणाले, काशीच्या थोर वैदिकानं आमच्या सांगण्यावरून आपलं पान गरिबाला दिलं. आतोबा चबुतऱ्यावर ऐकत होते. दोन्हीकडे त्यांचाच एकेक अर्धा. मला वाटलं, आता शीर उडणार, आता ते जीपमागे धावणार. ते हसले. "घ्या," म्हणाले, "आता माझीच हजामत सुरू झाली."

दुसऱ्या दिवशी छत्रात त्यांचं पान मांडलेलं नव्हतं. पाटाची जागा तेवढी रिकामी होती. मी आणि रामधनीनं त्यांची पेटी आमच्या घरी आणली. माझी आई पदर सावरून म्हणाली, "आतोबा, आमच्याकडे रोज एवढं तूप नसतं हो." ते म्हणाले, "वहिनी, आवाजही आता तेवढा राहिला नाही." त्यानंतर ते आमच्याकडेच जेवत. पठण शेवटच्या श्लोकापर्यंत करत, आणि मग उठून एकदा दार उघडून गल्लीत पाहून येत. कुणी सापडलं तर त्याला घेऊन येत. आईनं कुरकुरत भाताचं माप वाढवलं.

एकदा मी धीर करून विचारलं, "आतोबा, अवघ्या काशीचे अर्धे श्लोक तुम्ही पुरे केलेत. मग तो शेवटचा इतकी वर्षं का गाळलात?"

त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता काही तरी मोठं शास्त्र येणार.

"भूक लागायची रे," ते म्हणाले.

पुढचा पूर यायच्या आधीच आतोबा गेले. मणिकर्णिकेला त्यांना रामधनीच्या नावेतून नेलं. सगळा वेळ तो एकच म्हणत होता, आज धार तेज नाही गुरुजी, आज काही भीती नाही.

आता ते भोंगे घरातच आलेत. जेवताना समोर टीव्ही असतो, आणि त्यात रोज चार जणं चार चौकोनांत बसून एकमेकांच्या अंगावर शास्त्र फेकत असतात. टिळेवाले तेच, टोपीवाले तेच, फक्त टोप्या बदलल्यात. कुणीतरी अर्धा श्लोक म्हणतो आणि माझा हात ताटावर थांबतो. पंगतीची सवय, काय करणार. नात शेजारून म्हणते, "आजोबा, खा ना, ठंडा हो रहा है." तिचं बरोबर आहे, वरणावर साय धरलेली मला दिसत असते. पण पुढचं अजून कुणी म्हटलेलं नसतं.