आधी सगळे गप्प

मुरुडच्या एसटी स्टँडाजवळ एका बाईचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर एखादं पान अडकलं, की ती ओढणी कमरेला खोचते आणि ब्राउझरमधल्या साऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे पानामागे चालणारे छोटे प्रोग्राम, बंद करून टाकते. नाचणाऱ्या जाहिराती, आपोआप उघडणाऱ्या खिडक्या, सगळं थांबतं. मग एकेक चालू करत जाते. "आधी सगळे गप्प. मग कोण घोळ घालतोय ते कळतं," हे पुटपुटणं ठरलेलं. मशीनशी ती मऊ, गिऱ्हाइकांशी फटकळ. मला तर तिची थोडी भीतीच वाटते.

परवा दोन भाऊ म्हाताऱ्या आईला घेऊनच तिचं बसचं तिकीट काढायला दुकानात आले. पान उघडेना, आणि आई पुण्याला थोरल्याकडे राहणार की बोरिवलीला धाकट्याकडे, यावर दोघांची जुंपली. दुकानवालीने स्क्रिप्ट बंद केल्या, खुर्ची वळवली आणि डाफरली, "तुम्ही पण गप्प!" मग आवाज एकदम खाली आणला. "आजी, तू बोल. कुठं जायचंय तुला?"

म्हातारी दचकली. तिला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"मना कुठंच न्हाय जायचा."

तेवढ्यात तिकिटाचं पान उघडलं. दुकानवालीने ते बंद केलं.